दोऱ्याने घेतलेले डोळ्यांचे माप

दिनांक १९ नोव्हेंबर २०२५

मी, हेमलता सिद्धनाथ मरगळे, वय ४७ वर्षे, व्यवसाय – रिसॉर्टमध्ये संगणकावर बुकिंगचे काम, राहणार धनगरवाडी, मुळशी, जिल्हा पुणे. माझा भाऊ दत्ता कोकरे याने काल दिलेल्या तक्रारीबाबत विचारल्यावरून मी पोलीस ठाण्यात स्वतः हजर राहून सांगते की,

वरील पत्त्यावर मी व माझ्या सासूबाई बानूबाई, वय ७२, राहतो. माझे पती महाळुंगे येथे एका सोसायटीत वॉचमन असून पंधरा दिवसांतून एकदा घरी येतात. १६ तारखेला सासूबाईंनी मला जिन्यावरून ढकलले, असा दत्ताचा संशय आहे. मला कोणीही ढकललेले नाही. मी चष्म्यामुळे पडले.

माझ्याकडे दोन चष्मे होते, एक वाचायचा आणि एक संगणकाचा. रजिस्टर बघायला एक, स्क्रीन बघायला दुसरा, असे दिवसभर काढा-घाला करून जीव मेटाकुटीला येत असे. दिवाळीच्या गर्दीत मी एका कुटुंबाची खोली चुकीच्या तारखेला टाकली. मॅनेजर सर्वांसमोर म्हणाले, "मॅडम, जमत नसेल तर सांगा." म्हणून मी मोबाईलवरून प्रोग्रेसिव्ह चष्मा मागवला. त्यात एकाच काचेतून वर लांबचे, मध्ये संगणकाचे आणि खाली वाचायचे दिसते. पुण्याला दुकानात जायला मला सुट्टी नाही. शनिवार-रविवारी तर अजिबातच नाही.

चष्म्याचा नंबर नेत्रतपासणी शिबिरात काढलेला होता. परंतु दोन बुबुळांमधील अंतर मिलिमीटरमध्ये भरा, असे मोबाईलवर आले. घरात फूटपट्टी नव्हती. सासूबाई म्हणाल्या, "पट्टी कशाला हवी? वाडीतल्या समद्या पोरांच्या करगोट्याचं माप म्याच घेतलंय." त्यांनी काळा दोरा माझ्या या डोळ्यापासून त्या डोळ्यापर्यंत धरला. तो दोरा मी शिलाईच्या टेपवर ठेवला. त्र्याहत्तर भरले. "हा आकडा सहसा एवढा नसतो, पुन्हा तपासा," असे मोबाईलवर आले होते. मी न तपासता 'होय' दाबले. ती चूक माझी आहे.

चष्मा ५ तारखेला आला. घातल्यापासून मान वर-खाली करून थकले. डोके गरगरे, जमीन वर आल्यासारखी दिसे. कंपनीला फोन केला असता, दोन आठवडे दिवसभर घाला, सवय होईल, असे सांगितले. म्हणून मी तो उतरवला नाही.

१५ तारखेला संध्याकाळी घरातून आरडाओरडा ऐकल्याचे शेजारच्या खोलीतील आमच्या भाडेकरूने सांगितले आहे. ते खरे आहे. सासूबाई म्हणाल्या, "काड तो चष्मा. तुजा पाय चुकाया लागलाय, मला दिसतंय." मी म्हणाले, "तुम्हाला काय कळतं त्यातलं? माझी नोकरी गेली तर खाऊ काय?" आवाज माझाच होता. त्या रात्री त्या जेवल्या नाहीत.

दिनांक १६ रोजी सकाळी साडेसातच्या सुमारास मी गच्चीवरून कपड्यांची बादली घेऊन बाहेरच्या जिन्याने उतरत होते. जिन्याला कठडा नाही. खाली बघितले की काचेचा वाचायचा भाग डोळ्यांपुढे येतो, त्यातून पायरी पुसट दिसते. वरून तिसऱ्या पायरीवर माझा पाय चुकला. सासूबाई मागेच होत्या. हल्ली मी जिना उतरताना त्या मागेच असतात. त्यांनी माझा खांदा धरला. माझ्या पदराची पिन तुटली, ब्लाऊज फाटला, पण त्यांनी सोडले नाही. आम्ही दोघी घसरत खाली आलो, माझा उजवा हात मोडला, चष्मा फुटला; पण त्यांनी धरले नसते तर मी डोक्यावर पडले असते. दत्ताने दाखवलेला फाटका ब्लाऊज तोच आहे. त्यांच्याही दोन्ही कोपरांना खरचटले आहे, ते कोणी बघितले नाही.

रुग्णालयात डोळ्यांच्या डॉक्टरांनी पट्टीने मोजले, बासष्ट भरले. दोरा नाकावरून गेल्याने माप वाढले, असे ते म्हणाले. सासूबाई तेथेच उभ्या होत्या. तेव्हापासून त्या भाकरी घेतात आणि तशीच ठेवतात. मला त्याचे फार वाईट वाटते. दत्ता माझ्या काळजीपोटी आला, त्याच्यावर माझा राग नाही. पण म्हाताऱ्या माणसाला काल आणि आज ठाण्याच्या बाकावर बसवले, हे बरे झाले नाही. माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही. सासूबाईंना आजच माझ्याबरोबर घरी पाठवावे.

नवा चष्मा फुटला असल्याने व वाचायचा जुना घरी राहिल्याने हा जबाब मला स्वतःला वाचता आला नाही. हवालदारांनी तो मोठ्याने वाचून दाखवला. त्यात 'सासू-सुनेत वाद झाला' असे होते, तेथे 'मी सासूबाईंवर ओरडले' असे माझ्या सांगण्यावरून दुरुस्त केले. बाकी सर्व मी सांगितले तसेच लिहिले आहे.

उजवा हात प्लास्टरमध्ये असल्याने सही करता येत नाही, म्हणून डाव्या हाताचा अंगठा देत आहे. मी आजवर कधी अंगठा दिला नव्हता. पहिला ठसा फराटला. तेव्हा बाकावरून सासूबाईंना आत बोलावले. त्यांनी माझा अंगठा पदराने पुसला, पुन्हा शाईवर धरला आणि म्हणाल्या, "दाबू नगंस. नुसता टेकव."