डावं पायडल

दुकानदार : आणि ही काळी. काय आहे ना, या फ्रेममध्ये कोणी खोट काढून दाखवली तर आपण दुकानच बंद करू.

आत्या : मग कुलूप शोधून ठेवा. हिचा गळा फार मोठा आहे.

भाची : आत्या, सायकलला गळा नसतो.

आत्या : सीटपासून हँडलपर्यंतचं अंतर बघ की. तुझ्यासारखी बुटकी त्यावर बसली तर लोंबकळेल. जन्मभर लोकांचे कपडे बेतले मी, ढगळ काय ते लांबून कळतं.

दुकानदार : काकू, बरोबर बोललात हां. वरची नळी लांबच आहे हिची.

आत्या : काकू नका म्हणू. मी कोणाच्या काकाशी लग्न केलेलं नाही. हिची आत्या आहे.

दुकानदार : बरं, आत्या. बसा ना तुम्ही, तो स्टूल घ्या.

भाची : हो, बस तू. किती वेळ उभी आहेस.

आत्या : आत्ता तर आलोय आपण.

भाची : तरी बस.

आत्या : बसले. ही बघ, भिंतीला टेकूनसुद्धा बसले. आता दाखवू देत त्यांना.

दुकानदार : ताई, एक विचारू का? शनिवार-रविवार फिरायलाच हवी आहे ना तुम्हाला? मग फिक्स गिअर कशाला? साधी घ्या. उतार आला की पाय सोडून द्यायचे, वारा खात जायचं. फिक्सला काय, चाक फिरतंय तोवर पाय फिरणारच. थांबायची सोय नाही. हौसेने नेतात लोक आणि गुडघे धरून परत आणतात.

भाची : मला सवय आहे. आत्याची होती ना, तीच चालवायचे मी अधूनमधून.

दुकानदार : आत्यांची? फिक्स?

आत्या : का? मिशा लागतात का त्याला?

दुकानदार : छे छे, तसं नाही.

आत्या : पायमशीन बघितलंय कधी? शिवणाचं? पाय हलला की चाक हलतं, पाय थांबला की चाक थांबतं. मधे लबाडी नाही. हिने ती सायकल दारात आणून उभी केली आणि पहिल्याच दिवशी मला जमली. साध्या सायकलची उलट भीतीच वाटते. आपण पाय थांबवलेत आणि ती बया चाललीय आपली.

दुकानदार : मग ती काय केलीत? विकली?

भाची : चाक वाकलं. फ्रेमला पण पोचा आला. म्हणून मग काढून टाकली. बरं, तिची पेडल्स आणलीत मी, चांगली आहेत. नव्या फ्रेमला बसतील ना?

दुकानदार : ठेवा त्या काउंटरवर, बघतो. चाक कशाने वाकलं?

भाची : असंच.

आत्या : असंच कसं? मी पडले तिच्यावरून. चक्कर येऊन.

भाची : आत्या, दुकानात कशाला आता ते.

आत्या : त्यांनी विचारलं म्हणून सांगितलं. काय पाप केलंय का मी? हिच्या बापाला, म्हणजे माझ्या भावाला, खात्री आहे चक्करच म्हणून. डॉक्टरांनी डोक्यापासून पायापर्यंत तपासलं. काही सापडलं नाही. काही सापडलं नाही म्हणून हा गडी आणखी घाबरला.

दुकानदार : साहजिक आहे. वयाचं काही सांगता येत नाही.

आत्या : हेच म्हणाला तो, शब्दन् शब्द. आता महिनाअखेरीला माझी जागा सोडून मी यांच्याकडे राहायला जाणार. माझी जागा तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. जिन्यात चक्कर आली तर काय घ्या? मशीनलासुद्धा गिऱ्हाईक बघून ठेवलंय यांनी.

भाची : तू हो म्हणालीस म्हणून बघितलं.

आत्या : म्हणाले ना. मी कुठे नाही म्हणतेय? विचारलं मला, डोळ्यांपुढे अंधारी आली का? आता काय सांगू? सीटवर होते, मग एकदम आभाळ दिसलं. मधलं काही नाहीच. शेवटी मीच म्हटलं, आली असेल बाबा.

दुकानदार : आता बरं आहे ना पण?

आत्या : बरं आहे. फक्त कठड्याला हात लावल्याशिवाय पायरी उतरत नाही. कापडावर कात्री ठेवली की वाटतं, आत्ता आली तर? कापड तर जाईलच, बोट पण जाईल. म्हणून कात्री पण बंद केली. घाबरट नव्हते हो मी, आता झालेय. जाऊ दे. ती निळी दाखवा हिला.

दुकानदार : निळी मस्त आहे. स्टीलची आहे, जरा जड जाईल. गाडी ठेवणार कुठे?

भाची : खाली. पार्किंगमध्ये.

दुकानदार : मग वजनाचा प्रश्नच मिटला. उचलून न्यायची असती तर मी हलकी सुचवली असती.

भाची : आणि ती लाल? ती वर टांगलेली?

दुकानदार : ती नाही. ती शर्यतीची आहे.

भाची : मग काय झालं? मागची खाच आडवी आहे की. चाक मागे ओढून चेन ताणता येते. फिक्स करायला तेवढंच लागतं ना?

दुकानदार : तेवढंच नाही ना लागत, ताई. इंटरनेटवर बघून सगळे तेवढंच सांगतात. थांबा, खाली काढतो. नुसतं बोलून नाही कळायचं.

(दुकानदार लाल आणि निळी अशा दोन्ही फ्रेम जमिनीवर शेजारी शेजारी उभ्या करतो.)

दुकानदार : आता खाली बघा, पायडलं जिथे बसतात ती जागा. निळीची वर आहे, लालची खाली. दोन बोटांचाच फरक.

भाची : दोन बोटांनी काय होतंय?

दुकानदार : सांगतो. साध्या सायकलवर वळताना आपण काय करतो? गाडी ज्या बाजूला झुकते त्या बाजूचा पाय वर धरतो आणि पायडल मारायचं थांबतो. न शिकवता करतो. फिक्सला थांबताच येत नाही. गाडी झुकलेली आणि पायडल फिरत फिरत बरोबर खाली येतं. ही निळी असेल तर वरून निघून जातं. लाल असेल तर रस्त्याला टेकतं.

भाची : टेकलं तर टेकलं.

दुकानदार : अहो, मागचं चाक उचललं जातं! जोरात असलात तर संपलं. खट् वाजतं आणि माणूस खाली. पडणाऱ्याला कळत पण नाही काय झालं.

भाची : बरं. पटलं. निळीच द्या मग. उशीर झालाय आम्हाला.

आत्या : कसला उशीर?

भाची : बाबा वाट बघत असतील, आत्या.

आत्या : बघू दे. अहो, ते पुन्हा सांगा. काय वाजतं?

दुकानदार : खट्.

आत्या : आणि मग?

दुकानदार : मग काय, खाली. एकदम. तोल सावरायला वेळच नसतो.

आत्या : सीटवर असतो आणि मग आभाळ.

दुकानदार : हां. अगदी तसंच.

आत्या : माझी कुठली होती गं?

भाची : कुठली म्हणजे?

आत्या : भाजीचा भाव विचारत नाहीये मी. माझी सायकल. तिची फ्रेम कुठली होती?

भाची : जुनी होती. भंगारवाल्याकडे मिळाली होती. मी साफ केली, फिक्स करून घेतली, रंग दिला...

आत्या : रंग छान होता. पण कुठली?

भाची : शर्यतीची.

आत्या : या लालसारखी?

भाची : हो.

आत्या : आणि खट् वाजायचं. तुला सांगितलं होतं मी. वळताना कधीकधी खट् होतं म्हणून.

भाची : मला वाटलं, चेन सैल आहे. फिक्सला चेन सैल असली की वाजतेच, कोणीही हेच म्हणेल. मी ताणून दिली होती तुला.

आत्या : दिलीस. मग पुन्हा वाजलं, पुन्हा ताणलीस.

दुकानदार : ही पायडलं त्याच गाडीची म्हणालात ना? बघू. याचे आटे उलटे आहेत, म्हणजे हे डावं. ...आत्या, पडलात तेव्हा कुठे वळत होतात?

आत्या : पाण्याच्या टाकीपाशी. डावीकडे.

दुकानदार : मग हे बघा. कडेला हात लावून बघा.

आत्या : चपटी झालीय. आणि उजव्याची अगदी नव्यासारखी.

भाची : ती पडताना घासली असेल. मी बघितलं होतं ते आधी. पडल्यावर घासणारच ना?

दुकानदार : पडून घासलं तर ओरखडे येतात, ताई. आडवेतिडवे, कुठेही. हे एकाच जागी बसलंय. आधी पण टेकलं असणार, थोडं थोडं. आता मी तिथे नव्हतो, छातीठोक सांगणार नाही...

आत्या : नका सांगू. मी होते तिथे.

भाची : आत्या.

आत्या : काय?

भाची : म्हणजे मी पाडलं तुला.

आत्या : हो.

भाची : हो काय?

आत्या : मग काय नाही म्हणू? पुरुषाच्या पँटला चार टाके मारून बाईला घातलीस आणि नाडी घट्ट कर म्हणालीस. दिसायला छान होती, मापच नव्हतं. असं शिवून दिलं असतं तर गिऱ्हाईक मला चपलेने मारायला आलं असतं.

भाची : मार मग.

आत्या : रडू नकोस. लोकांच्या काउंटरवर रडू नये. अगं, मला चक्कर आली नव्हती! कळतंय का तुला? माझं डोकं शाबूत आहे. मला इतकं बरं कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं आणि तू डोळे कसले पुसतेस?

भाची : पण नुसत्या एका पेडलवरून कसं ठरवायचं? डॉक्टर काय म्हणतील?

आत्या : डॉक्टर आधीच म्हणालेत. काही नाही म्हणाले. आपणच त्यांचं ऐकलं नाही.

भाची : बाबा मला फाडून खातील.

आत्या : खाईल थोडा वेळ. मी मधे पडेन. मला सवय आहे पडायची.

भाची : हसू नकोस ना. त्यांनी तुझ्या खोलीला रंग दिलाय. स्वतः उभं राहून. तुला उजेड लागतो म्हणून कपाट पण हलवलं खिडकीसमोरचं.

आत्या : बघितलंय मी. पिस्ता रंग. मला न विचारता माझ्या आवडीचा दिला, एवढी अक्कल त्याला कुठून आली कोण जाणे. ...गुणी आहे माझा भाऊ. येईन की मी. शनिवारी रात्री येईन, त्या खोलीत झोपेन, सकाळी तुझ्याबरोबर निघेन.

भाची : आणि तो मशीनवाला? उद्या येणार आहे तो न्यायला.

आत्या : येऊ दे. त्याच्या पँटची शिवण उसवलीय मागे, मी बघितलंय. मारून देईन आणि पाठवीन परत.

भाची : तू उभी का राहिलीस? बस ना.

आत्या : का?

भाची : नाही... काही नाही.

आत्या : तेच म्हणतेय मी. काही नाही.

दुकानदार : आत्या, पाणी देऊ का?

आत्या : मला नको, हिला द्या. आणि ते डावं पायडल कागदात गुंडाळून द्या मला. भावाला दाखवायचंय.

दुकानदार : आणि फ्रेमचं काय करू? निळी काढू ना ताईंना?

आत्या : काढा. गळा बरोबर बसतोय तिला. पण आधी गाडी जोडून, झुकवून, पायडल फिरवून दाखवा. मी खाली वाकून बघणार आहे.

दुकानदार : बघा की. तुम्ही बघा म्हणजे माझी पण खात्री होईल.

आत्या : आणि तशीच एक मला.

भाची : आत्या!

आत्या : ओरडतेस काय? तुझ्या हातची नको आता, दुकानातली हवी. यांच्याकडे माप घेतात.

दुकानदार : आहे ना, याचीच एक लहान साइझ आहे आत. स्टीलचीच आहे, थोडी जड. पण तुमचं काय, पार्किंगमध्येच राहणार ना ती पण?

आत्या : नाही हो. मला हलकी दाखवा. तिसऱ्या मजल्यावर न्यायचीय.