पुसलेला चार

नाही हो, रंगवायलाच आणलंय—धाकट्यानं बजावून पाठवलंय मला, तबकडी नवी कोरी करून घे, बाबांचं घड्याळ असं कळकट बरं नाही दिसत, खर्च माझा. भाऊ माझा. बाबा गेले गेल्या महिन्यात, पण त्याआधीची दोन वर्षं हे कपाटातच पडून होतं ना, ओल लागली, तोच म्हणाला. काय? ओल नाही? मग काय—बोट? हां, बोट लावायचे बाबा. नजर गेली तेव्हा काचच काढून घेतली होती त्यांनी, काटे चाचपून वेळ सांगायचे, आणि आम्ही डोळस माणसं त्यांना वेळ विचारायचो! आठची गोळी असली की साडेसातपासूनच बोट आठवर ठेवून बसायचे. काटा टेकला की ओरडायचे, “आली बघा गाडी!” पण ते आधीचं. शेवटी शेवटी त्यांना कशाचंच भान नव्हतं. मी लांब—रविवारी चारला फोन करायचो, ठरलेलंच होतं आमचं—तर धाकटा म्हणायचा, “दादा, झोपलेत रे. उठवून तरी काय, कुणाला ओळखत नाहीत.” येतो म्हटलं तर, “कशाला हेलपाटा?” चांगला आहे हो तो, सगळं एकट्यानं निस्तरलं, म्हणून तर घर त्याच्या नावावर करताना मी वाचलंसुद्धा नाही, केली सही—ते जाऊ द्या, तुम्हाला काय त्याचं.

ते भिंग द्या जरा. बारा आहे. सहा आहे. आठ पुसट—ती गोळी, जुनी गोष्ट. आणि हा चार—चार कुठाय? नुसतं पितळ. चकाकतंय म्हणजे? अलीकडचं? काळं पडायलाही वेळ मिळालेला नाही? नाही, तुमची काहीतरी चूक होतेय, अलीकडे त्यांना—चारला त्यांची गोळी नव्हती हो. चारला काहीच नव्हतं. चारला नुसता माझा—

कपाटात म्हणे.

ठेवा तो ब्रश. ठेवा म्हणतो ना! एक टिंबही लावायचं नाही. काच? काचही नको, तबकडी अशीच द्या, उघडी.

माझाच वाजतोय फोन. तोच. तबकडीचं काय झालं, विचारेल. नाही, मी नाही—तुम्ही घ्या. घ्या ना. म्हणावं, दादा झोपलेत. उठवून तरी काय—कुणाला ओळखत नाहीत.