जाळीवरचे केस

— आपल्या घरात तुंबलं? बाथरूम? कुणाला सांगू नकोस हं, धंदा बसेल माझा.

— घोट्याएवढं पाणी साचलं होतं, बाबा. काल तुम्ही परगावी कामाला गेलात, मुक्कामाला राहिलात, आणि मी आंघोळ करून दार उघडते तर पाणी पार उंबऱ्यापर्यंत.

— मग ठेवायचं तसंच. आलोच ना मी. दे, पाना दे त्या पिशवीतला.

— पाना नको. मी साफ केलं.

— तू कशाला हात घातलास त्यात?

— प्लंबरची मुलगी आहे मी. जाळी उचलली, हात घातला. काय निघालं असेल सांगा.

— साबण असेल. साबणाचा थर बसतो आत.

— बाबा.

— कधीकधी चिंधीबिंधी पण जाते.

— केस निघाले. मूठभर. एका आंघोळीचे. आणि मी जगाला सांगत सुटलेय की माझे केस गळायचे थांबले म्हणून.

— खाली बस आधी. उभ्यानं बोललीस की चक्कर येते तुला.

— बसते. पण तुम्हीपण बसा, पळू नका. मी चष्मा काढून आंघोळ करते, मला पायाखालचं दिसत नाही. आणि मी बाहेर पाऊल टाकलं की तुम्ही आत. ‘माझा नंबर, माझा नंबर.’ जशी काही दाराशी रांग लागलीय. मला वाटायचं, वयाप्रमाणे लागत असेल घाई.

— वय काय झालंय माझं?

— रोज काढत होतात?

— हो.

— फणीतले?

— फणीतले पण.

— आणि उशीवरचे?

— तू स्वयंपाकघरात तुझी प्रोटीनची पावडर ढवळायला गेलीस की उशी झटकायची. कितीसा वेळ लागतो.

— आरशावरचा दिवा? पांढरा उडाला म्हणालात.

— उडाला नव्हता. पिवळ्या उजेडात भांग तेवढा रुंद दिसत नाही.

— काय बोलू मी तुम्हाला? मी क्लिपा घेऊन आले, बाबा. दुकानात उभी राहून चार रंग बघून आणल्या. डोक्याला फडका बांधून कामावर जात होते तो सोडला. तुम्हाला माहितीय मी कुठं बसते. खिडकीत. मी खाली, लोक समोर उभे, आणि ट्यूब बरोबर माझ्या टाळूवर. तिकीट घेताना प्रत्येक जण माझं डोकं वरून बघतो. आधी म्हणायचे, किती बारीक झालात, ओळखूच आला नाहीत, काय केलंत सांगा ना. आता कुणी विचारत नाही. आवाज खाली घेऊन बोलतात. परवा एका बाईनं फटीतून हात घातला आणि माझ्या हातावर थोपटलं. म्हणाली, धीर सोडू नका, माझी नणंद पण यातून उठली. मी म्हटलं, थँक्यू. काय म्हणणार? मागे लोक थांबलेले. घरी येऊन पिवळ्या दिव्यात बघितलं आणि मनाला म्हटलं, बाईला चष्मा लागलाय, एवढं काही नाहीये.

— मला सांगितलं नाहीस हे.

— तुम्ही मला कुठं सांगत होतात?

— माझं ऐकून घेशील?

— बोला.

— तुझी आई ताईच्या बाळंतपणाला गेली त्याच्या आधीचं आठवतंय? रोज सकाळी गुंतवळ हातावर घेऊन उभी राहायची. अगं बाई, किती गेले आज, कालपेक्षा जास्तच आहेत. तू बघायचीस आणि गप्प बसायचीस. आणि त्या दिवशी तुझ्या पोटात काही राहायचं नाही. आधीच वजनासाठी पोट कापून चार चमच्यांचं ठेवलंय डॉक्टरनं, त्यात घेतलं तेही उलटून पडायचं. डॉक्टर म्हणतो, खाल्लं नाही तर केस जाणार. आणि केस दिसले की तू खात नाहीस. मी काय करायचं होतं? डॉक्टरला बदलता येत नाही, तुझं पोट मला दुरुस्त करता येत नाही. केस तेवढे उचलता येत होते. ते उचलले.

— आणि?

— आणि तू खायला लागलीस. एका दिवशी तर अख्खं अंडं खाल्लंस. मी आईला फोन करून सांगितलं, अंडं राहिलं म्हणून. रडली ती तिकडं.

— खाल्लं मी, खरंय. पण आता पुढचं ऐका. मागच्या वेळी डॉक्टरांकडे गेले तेव्हा त्यांनी स्पष्ट विचारलं. म्हणाले, ऑपरेशननंतर काही महिने केस जातात, बहुतेकांचे परत येतात, घाबरू नका. पण अजून तसेच जात असतील तर सांगा, म्हणजे आत काहीतरी कमी पडतंय, रक्त तपासून बघू. मी काय सांगितलं असेल?

— थांबले म्हणालीस.

— छाती फुगवून म्हणाले. फणी स्वच्छ, उशी स्वच्छ, बाथरूम स्वच्छ. ते म्हणाले, मग उत्तम, तपासणी पुढच्या खेपेला करू. त्यानंतर मला दोनदा खिडकीत अंधारी आली. दुसऱ्यांदा शेजारच्या खिडकीतल्या सरांनी धरलं म्हणून, नाहीतर तोंडावरच पडले असते.

— दुसऱ्यांदा? मला एकदाच माहिती होतं.

— दुसऱ्या वेळचं मी सांगितलं नाही. तुम्ही जेवण टाकाल म्हणून.

— म्हणजे मी तुझ्यापासून लपवतोय आणि तू माझ्यापासून. आणि डॉक्टर बिचारा दोघांच्या भरवशावर.

— हसू नका, बाबा.

— हसत नाही गं. तोंडच तसं झालंय माझं. चुकलं का माझं? सरळ सांग.

— चुकलं. आणि मला रागवतापण येत नाही तुमच्यावर. हेच तर वाईट आहे. कुणावर काढू? ऑपरेशन मीच करून घेतलं. तुम्ही नको नको म्हणत होतात. आणि कुणी विचारलं ना, परत करशील का, तर मी हो म्हणेन. साखर उतरली, गुडघे दुखत नाहीत, कामावरचा जिना मी न थांबता चढते. मग रडायचं कशाला? लोक म्हणतील, हौसेनं केलंस, भोग आता. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, असं झालंय माझं.

— हौसेनं कसलं? रात्री झोपेत तुझा श्वास अडकायचा. मी दाराशी येऊन ऐकत बसायचो.

— ते पण करत होतात?

— सवय आहे मला. घरात कुठं काय अडलंय ते ऐकायची.

— काढलेले केस कुठं टाकत होतात? आपल्या डब्यात तर कधी दिसले नाहीत मला.

— आधी गिऱ्हाइकाकडे जाताना वाटेत टाकायचो.

— आणि नंतर?

— नंतर टाकवेनात. असू दे ना, कशाला तो विषय.

— बाबा, कुठं आहेत?

— कामाच्या पिशवीत. खालच्या कप्प्यात, वॉशरची पिशवी आहे ना जुनी, तिच्यात. अगं, नको काढूस. उपाशी आहेस तू.

— ही? ही एवढी भरलेली?

— दाबून भरलेत म्हणून तशी दिसते.

— हे सगळं माझ्या डोक्यावर होतं.

— परत येणार म्हणालेत ना ते.

— वजन करून बघा. आणखी थोडं उतरलं म्हणायचं.

— असं बोलू नये, ढब्बू.

— किती दिवसांनी म्हणालात.

— काय?

— ढब्बू. ऑपरेशन झाल्यापासून एकदा म्हणाला नाहीत.

— म्हणायची चोरीच झाली ना. ढब्बू राहिलीयस कुठं तू? एवढुसं तोंड झालंय. काय हाक मारावी तेच सुचत नाही मला कधीकधी.

— मला भीती वाटते, बाबा.

— मला पण वाटते.

— सगळेच गेले तर?

— नाही माहिती गं मला. दुसऱ्याचं घर असतं तर सांगितलं असतं छातीवर हात ठेवून, काळजी करू नका, संध्याकाळपर्यंत होऊन जाईल. तुझ्याजवळ बसलो की काही म्हणजे काही सांगता येत नाही.

— दुपारी डॉक्टरांनी बोलावलंय. सकाळीच फोन केला मी. तुम्ही चला बरोबर.

— येतो की. पण मी आत येऊन काय सांगू? मुलीचे केस चोरत होतो म्हणू?

— जे केलंत ते सांगा. मी खोटं बोलले नव्हते, एवढं त्यांना कळलं पाहिजे.

— सांगतो. पिशवी नेऊ का?

— न्या. आणि उद्यापासून हे बंद. फणीला हात लावायचा नाही, जाळी उचलायची नाही. मला दिसू दे, किती जातात ते. जेवण नाही गेलं तर नाही गेलं, पण मला माहिती असलं पाहिजे.

— आणि मी काय करू?

— काही नाही.

— नुसता बसून राहू?

— हो. मला एकटीला बघवणार नाही ते. तुम्हीपण बघा. फणी आणते, निघायच्या आधी विंचरायचेत मला.

(ती जमिनीवर पांढरी चादर पसरते आणि तिच्यावर बसून केस मोकळे सोडते. वडील समोरच्या स्टुलावर बसतात.)

— हळू फिरव. एवढ्या जोरात नको.

— हळूच फिरवतेय. हळू फिरवली तरी येतात.

— तो एक खांद्यावर राहिलाय.

— राहू दे. हात मागे घ्या, बाबा.

— घेतला.

— डोळे का पुसताय?

— तू म्हणालीस ना, बघा. नीट दिसत नव्हतं.