चोखणीवर पाय

हसू नका रे, पण मी पोरीच्या चोखणीवर जळायचो. बोईसरहून ड्युटी करून आलो की आमची चिमी माझ्या छातीवरच झोपायची. मग लसीच्या दिवशी नर्सबाई म्हणाल्या, "अंगावर झोपवू नका. सपाट अंथरुणावर उताणी झोपवा, हवी तर चोखणी द्या." झालं! कंपनीत नवं मशीन आलं की माणूस कमी होतो, तसा घरात मी कमी झालो.

परवा चोखणी खाली पडली, चिमीनं भोकाड पसरलं. बायको म्हणाली, "अहो, शोधा ना!"

"नाय दिसत कुठं," म्हणत मी चिमीला खांद्यावर घेतलं. जागचा न हलता डुलवलं. गप्प झाली!

बायको माझ्या पायाकडं बघत म्हणाली, "पाय उचललात की ती उकळून ठेवा."