शाळेची बाटली

रहाटणीच्या दवाखान्यात माझ्यापुढं रांगेत दोघी होत्या, कंपनीच्या गणवेशातली एक बाई आणि तिची म्हातारी शेजारीण.

"स्वरूपा कुठाय, विजयश्री? शाळेच्या तपासणीत पोरीच्या लघवीत प्रोटीन निघालंय ना?"

"तिच्या नाही, मंजुळामावशी. त्या सकाळी ती बाटलीत करेचना, शाळेची गाडी दारात. मग मीच भरून दिली."

"अगं आई! म्हंजी पोर ठणठणीत हाय?"

"हो. परवा तिची खरी तपासली, साफ निघाली. यादीतून नाव काढायला आलेय."

"पांडुरंग पावला. पण तुझे पाय सुजत्यात, त्याचं काय?"

"आठ तास उभं राहून सुजतात. दोनची शिफ्ट आहे, नाव काढलं की निघते."

"काढतील की. पण बाटली तुझी व्हती ना, पोरी? त्या जागी तुझं नाव लिहायला सांग."

"...स्वरूपाला कळू देऊ नका, मावशी."