ट्रान्सफॉर्मरवरचं पातेलं

जावयाची खोडी काढायला गेलो आणि बायकोच गमावून बसलो असतो, ऐका. अमेरिकेत रेडमंडला लेकीकडे गेलो होतो, तिथे जावईबापूंनी अंगणात विजेवर चालणारी छोटी आगगाडी मांडली होती. पावसात तिचा ट्रान्सफॉर्मर भिजू नये म्हणून ते आठवडाभर खास डबा शोधत होते. "एवढे इंजिनीअर तुम्ही, झाकण सुचेना?" असं चिडवत मी हिचं स्टीलचं पातेलं त्यावर पालथं घातलं, वर दगड ठेवला.

दुपारी पाहतो तर पातेल्याच्या काठाने घरातून ट्रान्सफॉर्मरला आलेली वायर कापलेली, तांबं उघडं, भोवती पाणी. तेवढ्यात ही अनवाणीच पातेलं न्यायला आली.

"अगं, हात लावू नकोस, करंट आहे."

"चाळीस वर्षं तुमच्या थापा ऐकतेय," म्हणत ती वाकली.

जावई प्लगकडे धावले, पण पोचणार कधी?

"खाली पाल आहे," मी कसाबसा म्हणालो.

ती किंचाळत थेट स्वयंपाकघरात पळाली. जावयांनी प्लग काढला, तेव्हा कुठे मी पातेलं उचललं.

तिला खरं सांगायची हिंमत अजून झालेली नाही. ती कॉलिंग कार्डवरून पुण्यातल्या बहिणीला फोन लावून सांगते, "अमेरिकेतसुद्धा पाली असतात गं."