दोन किलोंची पिशवी

"माणसाने मनात आणलं तर डोंगर हलतो!" सांधेदुखीच्या दवाखान्यात शिंपीणबाईंनी जाहीर केलं आणि पाण्याच्या बाटलीचं झाकण हलेना म्हणून ती थोरल्या बहिणीकडे दिली. शेजारच्या निवृत्त मास्तरांनी वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं. कान मात्र मोकळे ठेवले.

"डॉक्टरांना सांगणार, व्यायामाची दोन किलोंची वाळूची पिशवी वीसदा उचलते. आता कात्री धरू द्या."

"वीसदा नको म्हणूस गं. दहादा म्हण."

"का?"

"दोन किलोही नको म्हणूस."

"ताई, तुझा पाय का एवढा हलतोय?"

"तू रडत उचलायचीस, मला बघवेना. तुझा हा आमवात, आपलंच शरीर आपल्यावर उलटलेलं. अशा वेळी पडून राहावं. माझा गुडघा दुखतो तर मी पडूनच असते ना?"

"काय केलंस तू?"

"थोडी वाळू काढली. कापूस भरला."

"थोडी?"

"दर रविवारी थोडी."

"आणि मी गावभर सांगतेय, पिशवी हलकी लागते, ताकद आली!"

"मीही म्हटलं, आली."

"तीन महिने कात्री भिंतीला टांगलीय, ताई! आता आत वाळू किती उरलीय?"

"कापूस चांगला आहे. माझ्या उशीतला."

"अठ्ठावीस नंबर!" आतून हाक आली. शिंपीणबाई तरातरा दारापर्यंत गेल्या.

"चल! डॉक्टरांना तूच सांग."

"सांगते. उद्यापासून वाळूही मीच भरते. पण आधी मागे ये आणि हात दे गं, मला उठता येईना."